नळीतला छर्रा

हा छर्रा ओळखतोस का?

पाव इंची आहे. सायकलच्या मागच्या चाकातला. परवा सकाळी एका जुन्या पिकअपच्या व्हॅक्यूमच्या नळीतून मी तो काढला. नळी ब्लेडने उभी चिरली तसा टुणकन उडून माझ्या चपलेपाशी पडला. नळीच्या तोंडावर काळी टेप होती. आधी उलटा वेढा, वर सुलटा, शेवट आत खोचलेला. टेप अशी लावायला मीच शिकवायचो. दिंडोरी रोडला गॅरेज असलेला माझा विद्यार्थी तू एकटाच. तेव्हा 'सर, ते काम माझं नाही' हे वाक्य गिळून टाक.

गाडी 2013 ची. मालक दिंडोरी तालुक्यातला टोमॅटोवाला, माझ्या शेजाऱ्याचा मेहुणा. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सव्वाशे क्रेट भरून तो वाशीला निघाला. क्रेटला वीस किलो धर. अडीच टन माल, आणि पासिंग दीड टनाचं. त्याबद्दल त्याला मी वेगळा झाडलाय, त्याच्या आड तू लपू नकोस. रात्री अकराच्या सुमाराला कसारा घाट उतरायला लागला. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला लागला, पण पाय जास्त दाबावा लागला. तिसऱ्याला पायाखाली दगड. दोन्ही पाय देऊन तो पेडलवर उभा राहिला, गिअर दुसऱ्यात कोंबला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं. गाडी थांबली. शेजारच्या सीटवर त्याचा सोळा वर्षांचा पोरगा होता.

दोघं वाचले, म्हणून मी हे घरी बसून लिहितोय आणि तू गॅरेजात बसून वाचतोयस.

मी फोन केला तेव्हा तू काय म्हणालास? "सर, मी तर ब्रेकला हातच लावला नाही."

नेमकं हेच वाक्य मला झोंबलं. एखाद्या रस्त्यावरच्या पोराने म्हटलं असतं तर समजून घेतलं असतं. तू? डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, म्हणून त्याला स्वतःचा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून डायनामोच्या पाठीला एक छोटा पंप बसवलेला असतो. हे फळ्यावर कोण सांगत होतं? तू. त्या पंपातून एक नळी निघते, पुढे टी येते, एक फाटा ब्रेकच्या बूस्टरला जातो आणि दुसरा मॉड्युलेटरमधून ईजीआर वाल्वला, म्हणजे थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणाऱ्या वाल्वला. ही आकृती तुझ्याकडून मी तीनदा काढून घेतली होती. दोनदा तू नॉनरिटर्न वाल्व उलटा दाखवलास. तिसऱ्यांदा बरोबर काढलीस आणि मग ती वहीत नाही, डोक्यात बसली. बसली होती ना? मग एकाच पंपावर दोन्ही कामं चालतात हे तुला माहीत नव्हतं, असं मला सांगू नकोस. माहीत होतं. छर्रा घालताना तुला ते आठवायचं नव्हतं.

आता काय झालं ते ऐक. तुलाच ऐकवतो, कारण तू नंतर बघायला गेलाच नाहीस. नळीचं भोक चार मिलीमीटरचं. छर्रा सहा मिलीमीटरहून जाड. तो तू टीच्या अगदी तोंडाशी ठोकून बसवलास. इंजिनाची धग आणि तेलाची वाफ खाऊन रबर आधीच कडक झालेलं. ते ताणलं गेलं आणि महिन्याभरात टीच्या कडेला नखाएवढी चीर पडली. तुझ्या टेपने चीर झाकली, बुजवली नाही. तिथून हवा आत शिरू लागली. सपाट रस्त्याला हे कळत नाही. नाशिक ते दिंडोरी कितीदा ब्रेक मारतोस? बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम साठलेला असतो, नॉनरिटर्न वाल्व तो धरून ठेवतो, मधल्या वेळात पंप हळूहळू भरून काढतो. घाटात मधला वेळच नसतो. पहिला दाब साठ्यावर गेला. दुसरा उरल्यासुरल्यावर. तिसऱ्या दाबाला बूस्टर रिकामा.

नऊ इंच व्यासाचा पडदा धर. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला साधारण 600 मिमीचा व्हॅक्यूम. तीनशे किलोहून जास्त जोर ड्रायव्हरच्या पायाला मदत करत असतो. तू तो काढून घेतलास. अडीच टन मालाखाली, रात्री, कसारा घाटात, एका माणसाला नुसत्या पायावर सोडलंस. आणि वर म्हणतोस ब्रेकला हात लावला नाही!

गाडी सोडताना एक साधी तपासणी का केली नाहीस? इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, घट्ट झालं की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी दारातून हलवायची नाही. पाऊण मिनिटाचं काम. त्याला ना यंत्र लागतं, ना पैसा. नळीला हात लावलेली प्रत्येक गाडी या तपासणीशिवाय सोडायची नाही, हे मी तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तुझ्या गॅरेजात आता दोन पोरं शिकतायत. त्यांना तू हे सांगितलंस का? की त्यांना छर्रा कुठल्या डब्यात ठेवलाय तेवढंच सांगितलंस?

बरं, छर्रा घालून ईजीआरची नळी बंद का केलीस? "गाडी ओढत नव्हती सर. ईजीआर पिकअप खातो."

कोण म्हणतं? तू म्हणतोस? की दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं आणि तू मान डोलावलीस? वाल्व कधी उघडतो ते आठव. आयडलला आणि हलक्या लोडला. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॉड्युलेटर व्हॅक्यूम तोडतो, स्प्रिंग वाल्व मिटवते. गाड्यागाड्यांत जोडणी वेगळी असेल, तत्त्व एकच. चढाला भरलेली गाडी ओढत असताना धडधाकट ईजीआर बंदच असतो. जो बंदच आहे त्याला तू बंद केलंस आणि गिऱ्हाईकाला सांगितलंस, आता बघ गाडी कशी पळते. चोर सोडून संन्याशाला फाशी, याहून वेगळं काय आहे हे?

हां, वाल्व काजळीने उघडा अडकला तर तो पिकअप खातो, काळा धूर मारतो. ते खरं. मग तो अडकलाय का हे बघायला तू तो काढलास का? हातपंप लावून डायफ्रॅम व्हॅक्यूम धरतो की सोडतो हे पाहिलंस का? मी पाहिलं. डायफ्रॅम उत्तम. वाल्वची बैठक स्वच्छ. बिचारा निर्दोष.

दोष कुठे होता सांगू? इंटरकूलरच्या खालच्या होजला, क्लिपच्या बरोबर खाली, बोटभर फाट. हाताने दाबलं तर दिसत नाही. इंजिन रेस केल्यावर बूस्टचा दाब आला की तोंड उघडतं आणि टर्बोने भरलेली हवा फुस्सकन बाहेर. साबणाचं पाणी मारलं, एका मिनिटात फेस आला. एअर फिल्टर काढला तर घडीघडीत खडीच्या रस्त्यांची धूळ. एक नोझल गळत होता. हे सगळं शोधायला मला अडीच तास लागले. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तरी शोधलं. छर्रा घालायला तुला दोन मिनिटं लागली. हिशेब साधा आहे. तुला अडीच तास वाचवायचे होते. तंत्र-बिंत्र काही नाही, निव्वळ आळस.

आणि त्या गळक्या नोझलबद्दल तर मला तुझी लाज वाटते. नाशिकमध्ये राहतोस तू. सातपूरला ज्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर घडतात, त्याच्या जुन्या नावावरून शहरातल्या चौकाला लोक मायको सर्कल म्हणतात. बोलेरो या शहरात बनते. इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. नोझलचं भोक केसाएवढं असतं आणि ते मायक्रॉनमध्ये मोजतात हे सांगणारी हजारो माणसं या शहराच्या रस्त्यांवरून रोज शिफ्टला जातात. त्यातली बरीच तुझ्यासारखीच आयटीआयची पोरं आहेत. त्या गावात बसून तू नोझल टेस्टरला न लावता 'ईजीआरचा प्रॉब्लेम' म्हणून गाडी मोकळी करतोस?

तुझं पुढचं उत्तर मला पाठ आहे. "सर, पीयूसीला पास होते ना गाडी."

होते. का होते हे तुला माहीत आहे, म्हणून तर जास्त राग येतो. डिझेल गाडीचं पीयूसी यंत्र धुराची दाटी मोजतं. जुन्या गाडीला 65 हार्ट्रिजपर्यंत सूट, भारत स्टेज 4 च्या गाडीला 50 पर्यंत. ईजीआर बंद केला की काजळी थोडी कमीच होते. म्हणजे आकडा सुधारतो. पण ईजीआर काजळीसाठी बसवलेलाच नाही! सिलिंडरमधलं तापमान फार चढलं की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. थोडा जळका वायू परत आत सोडला की ऑक्सिजन कमी, तापमान कमी, नायट्रोजनची ऑक्साइडं कमी. ती त्या पीयूसीच्या यंत्राला दिसत नाहीत. जे मोजलं जात नाही ते नाहीच, असं तू ठरवून टाकलंस. विद्यार्थी म्हणून तू असा नव्हतास. परीक्षेत न आलेला धडाही वाचून यायचास.

ही ऑक्साइडं पुढे काय करतात? उन्हात, हवेतल्या हायड्रोकार्बनांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. 1950 च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये आरी हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हे शोधलं. त्याच्या आधीचं काम अननसाच्या वासावरचं होतं. शहराच्या हवेतल्या त्या झोंबणाऱ्या धुक्याचं मूळ गाड्यांच्या धुरात आहे हे त्याने दाखवलं तेव्हा त्याच्यावर तुटून पडणारे कमी नव्हते. तो मागे हटला नाही. आणि 1958 साली कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या पानांवर पडणारे बारीक गडद ठिपके या ओझोनमुळेच पडतात हे सिद्ध झालं.

द्राक्षाच्या पानांवर. वाचलंस ना नीट? तुझ्या घरी निफाडला दोन एकर बाग आहे. भुरी आणि डावणी तुझे वडील लांबून ओळखतात. पानाला काय लागलंय हे बघायला पहाटे बॅटरी घेऊन ओळीओळीने फिरतात. ज्या पानाच्या जिवावर तुझी फी भरली गेली, त्या पानाला लागणारं विष तू दिवसाला चार गाड्यांतून मोकळं करतोयस. नाशिक देशाच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. 2019 ला सुरू झाला तो. हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही अशा शहरांची यादी निघाली, त्यात आपलं नाव होतं. वाईन कॅपिटल म्हणून मिरवणाऱ्या शहराला हे शोभतं का, हा प्रश्न पुढाऱ्यांना विचारायला तुला आवडतं. पारावर बसून विचारतोसही. आधी तुझ्या खिशातल्या छर्ऱ्यांना विचार.

"सगळेच करतात." हेही म्हणालास तू.

हो, करतात. अमेरिकेतही करतात. तिथल्या पर्यावरण खात्याने 2020 साली हिशेब काढला, तेव्हा आधीच्या दहा-एक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढलेली किंवा बंद केलेली निघाली. फोक्सवॅगनसारख्या कंपनीने 2015 ला कबूल केलं की जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत तिने असं सॉफ्टवेअर घातलं होतं की तपासणीच्या वेळी गाडी साळसूद आणि रस्त्यावर ऑक्साइडं ओकणारी. त्यांच्याकडे हजारो इंजिनिअर होते. त्यांनाही तू करतोस तेच करावंसं वाटलं. म्हणून ते बरोबर ठरलं का? अब्जावधी डॉलर भरावे लागले, माणसं तुरुंगात गेली. इथे कोण जातं माहीत आहे? तू नाही. तुझा गिऱ्हाईक. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 182 अ मालकाला धरतं. एका बदलाला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. प्रदूषणासाठी वेगळे दहा हजारांपर्यंत. बिल फाडलं नाहीस, छर्रा कुणाला दिसत नाही, गाडीच्या कागदावर नाव त्याचं. तू सुटलास. हे तुला कळत नाही का? कळतं. त्याला कळत नाही, आणि त्याच्या न कळण्यावर तू अडीचशे रुपये कमावलेस.

एक गोष्ट मी कबूल करतो, कारण मला खोटं जिंकायचं नाही. ईजीआरमुळे इनटेक मॅनिफोल्ड घाण होतो. काजळीत ब्रीदरमधली तेलाची वाफ मिसळते आणि आत डांबरासारखा थर बसतो. मी मॅनिफोल्ड उघडून बघितलेत, भोक निम्मं राहिलेलं असतं. गिऱ्हाईक वैतागतो. मान्य. पण तो थर बसतो कशाने? रिंगा झिजलेल्या, फिल्टर बुजलेला, बाजार समितीच्या रांगेत गाडी दोन-दोन तास आयडलला उभी. त्यावर उपाय काय? वाल्व आणि मॅनिफोल्ड काढून धू. वर्षातून एकदा. गॅसकेट नवं घाल. रिंगा गेल्या असतील तर सांग की गेल्या. डिझेलला नावं ठेवायची तुझी सवयही सोड आता. 2010 मध्ये भारत स्टेज 4 पहिल्यांदा तेरा शहरांत आलं, तेव्हा महाराष्ट्रातली तीन होती, मुंबई, पुणे आणि सोलापूर. नाशिक नव्हतं. आपल्याकडे 350 पीपीएम गंधकाचं डिझेल मिळायचं. तेव्हा तुझी तक्रार मी ऐकून घेतली असती. 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएमचं डिझेल आहे. पंप तोच, रस्ता तोच, डिझेल पस्तीस पटीने स्वच्छ. सबब मात्र जुनीच.

आता त्या दुसऱ्या धंद्यावर येतो. "पॉवर वाढवून मिळेल" अशी पाटी तू दाराला लावलीयस. काय करतोस आत? पंपाचा सील तोडतोस, डिझेलचा स्क्रू फिरवतोस, सायलेन्सरमधला पडदा काढतोस. गाडी गरजते. गिऱ्हाईक खूश. मागे काळा ढग. तो ढग म्हणजे न जळलेलं डिझेल आहे हे तू त्याला सांगतोस का? हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर ते जळणार कशात? एक्झॉस्ट तापतो, टर्बोची पाती तापतात, हेड गॅसकेट जातं, शेवटी पिस्टनचं डोकं वितळतं. मग सहा महिन्यांनी तीच गाडी तुझ्याच दारात इंजिन बांधायला येते. तू म्हणतोस, "भाऊ, गाडी जुनी झाली." गाडी जुनी झाली नाही, तू मारलीस.

आणि आता तर टर्बो नसलेल्या इंजिनाला भंगारातला टर्बो लावून द्यायचं मनात आहे म्हणे. त्या इंजिनाच्या पिस्टनला थंड करायला खालून तेलाचा फवारा आहे का, हे बघितलंस? कम्प्रेशन किती आहे ते मोजलंस? टर्बोला तेल कुठून देणार, परत सम्पला कुठून आणणार? वेस्टगेटच्या पडद्याला नळी कुठून देणार? पुन्हा नळीच ना? पुन्हा टी, पुन्हा काळी टेप? दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी, नंबरची नोंद आरसीवर, मग पान्याला हात. बिगर परवानगी बसवलेलं इंजिन घेऊन तो माणूस घाटात ठोकला तर विमा कंपनी काय करेल हे तुला ठाऊक आहे. तुझ्या मामाच्या ट्रकचं प्रकरण तू स्वतः मला सांगितलं होतंस.

जुन्या गाडीची ताकद वाढवायचा एक रस्ता आहे. तुला तो येतो. तिची हरवलेली ताकद तिला परत दे. नोझल टेस्टरला लाव. पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून आण. टॅपेट सेट कर. इंटरकूलरचे होज बदल. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरव, कुठला ब्रेक धरून बसलाय ते बघ. क्लच घसरतोय का पाहा. दहा वर्षं जुन्या पिकअपला हे सगळं केलं की मालक विचारतो, नवं इंजिन घातलं का? अशी गाडी तू माझ्यासमोर तयार केली होतीस. दुसऱ्या वर्षाला, मोडीत काढलेली. सगळा वर्ग बघायला आला होता. सिलिंडर हेडवर कान टेकून तू म्हणालास, तिसरा नोझल उशिरा मारतोय. मी मोजलं. खरंच मारत होता. तीस वर्षांच्या शिकवण्यात कानाने उशिरा मारणारा नोझल ओळखणारी माझ्याकडे दोन-तीनच पोरं आली. त्यातला तू एक. म्हणून तर हा जीव जळतो. ज्याला येतच नाही त्याच्यावर मी शब्द खर्च करत नाही. त्याला मी दुसरा धंदा बघायला सांगतो.

"गिऱ्हाईक थांबत नाही सर, त्याला आत्ता पाहिजे." थांबेल. टोमॅटोचा भाव पडला तर तो आठवडाभर माल शेतात थांबवतो. बाजार समितीत लिलावासाठी तासन्तास थांबतो. तुझ्यासाठी अडीच तास नाही थांबणार? तू त्याला थांब म्हणून बघितलंस का कधी? नाही. थांबवलं तर शोधावं लागतं, आणि शोधलं तर सापडावं लागतं. सापडलं नाही तर काय, ही भीती तुला खाते. ती भीती झाकायला तू छर्रा वापरतोस. एक सांगतो, नीट ऐक. न सापडण्यात कमीपणा नाही. मला त्या होजची फाट पहिल्या तासात सापडली नव्हती. मी दोनदा सगळं जोडलं आणि दोनदा उघडलं. लाज न शोधण्यात आहे.

दोन पोरं तुझ्या हाताखाली आहेत, म्हणून आणखी एक. धाकटा कोण तो, चष्मा लावणारा, त्याने परवा मला विचारलं, "सर, ईजीआर बंद करायचा असतो ना?" करायचा असतो! सर्व्हिसमधली नेहमीची पायरीच असल्यासारखं. तो एकोणीस वर्षांचा आहे. पुढची चाळीस वर्षं तो हेच करेल आणि दुसऱ्यांना हेच शिकवेल. तू मला गुरू म्हणतोस. त्याचा गुरू कोण आहे?

तर आता करायचं ते सांगतो. तुझ्या ड्रॉवरमधला छर्ऱ्यांचा डबा रिकामा कर. गेल्या वर्षभरात ज्या ज्या गाड्यांच्या नळ्या तू बुजवल्यास त्यांचे फोन नंबर तुझ्या डायरीत आहेत, मला माहीत आहे, तू हिशेब नीट ठेवतोस. एकेकाला बोलाव. खरं सांग. शिव्या देतील, खा. टीपासून पुढची सगळी नळी बदल, ताणलेली एकही ठेवू नकोस. ज्यांचा वाल्व खरंच अडकलेला निघेल त्यांचा धुऊन दे. प्रत्येक गाडीचं पेडल इंजिन बंद-चालू करून तपास, आणि ते त्या चष्मेवाल्या पोराच्या पायाने तपासून घे, म्हणजे पायाखालून पेडल उतरताना कसं लागतं ते त्याला आयुष्यभर कळेल.

टोमॅटोवाल्याची पिकअप रविवारी सकाळी नऊला तुझ्या दारात येईल. इंटरकूलरचा होज मी आणून ठेवलाय, नोझल तू टेस्टरला लाव. मी स्टूल घेऊन बसणार आहे. तो पोरगाही येईल, घाटात शेजारी होता तो. त्याच्या देखत नळी बदल, त्याच्या बापाची माफी माग, आणि पैसे घेऊ नकोस.